वाचकांचे प्रश्न : कपाटातल्या सीड्या आणि तळहाताएवढा संगणक

प्रश्न : आमच्या कपाटात मराठी नाटकांच्या साठ-पासष्ट व्हीसीडी आणि मुलाच्या लग्नाच्या तीन डीव्हीडी आहेत. प्लेअर बंद पडला असून दुरुस्ती करणारा म्हणतो की त्याची लेन्स आता मिळत नाही. भाचा सांगतो की रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक घेऊन टीव्हीला जोडा. तो घ्यावा का, घ्यायचा तर कोणता, आणि या सीड्या त्यात कशा जायच्या? – एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : भाच्याचा सल्ला चुकीचा नाही, पण पैसे खर्च करण्यापूर्वी एक फुकटचा प्रयोग करून पाहावा. एका व्हीसीडीतील फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून ती टीव्हीच्या यूएसबी खाचेत लावावी. टीव्हीने ती नीट दाखवली, तर आपल्याला दुसऱ्या कशाचीच गरज नाही. अनुभव मात्र असा आहे की बरेच टीव्ही व्हीसीडीची ‘डॅट’ फाइल ओळखतच नाहीत, काही चित्र दाखवतात पण आवाज देत नाहीत, आणि डीव्हीडीवरील चित्रण एकेक जीबीच्या तुकड्यांत असल्यामुळे दर तुकड्यानंतर पुन्हा रिमोट हातात घ्यावा लागतो. या ठिकाणी पाय उपयोगी पडतो, कारण त्यावर चालणारा कोडी हा प्रोग्रॅम सहसा कोणत्याही जुन्या फाइलला नाही म्हणत नाही.

कोणता बोर्ड घ्यावा याचे उत्तर आपल्या कपाटात काय आहे यावर ठरते. केम्ब्रिजमधून पहिला पाय २०१२ साली ३५ डॉलरला बाजारात आला, तेव्हा त्याचा मुख्य प्रोसेसर इतका दुबळा होता की चित्र उलगडण्याचे काम चिपवरील वेगळ्या भागाकडे सोपवावे लागे. तो भाग एच.२६४ पद्धतीचे चित्रण सहज दाखवत असे, परंतु डीव्हीडीच्या एमपेग-२ पद्धतीसाठी त्या-त्या बोर्डच्या अनुक्रमांकाला बांधलेली परवान्याची चावी २ पौंड ४० पेन्सना वेगळी विकत घ्यावी लागे. २०१९ साली आलेल्या पाय ४ मध्ये प्रोसेसरच पुरेसा दमदार असल्यामुळे व्हीसीडी आणि डीव्हीडीसाठी अशा चावीची गरज उरली नाही, आणि पुढे कोणी ४के चित्रण आणून दिले तर एचईव्हीसी पद्धतीच्या फायलींसाठी त्यात स्वतंत्र सोयही आहे. २०२३ साली आलेला पाय ५ त्याहून वेगवान आहे, पण तो वेग आपल्या नाटकांना लागणार नाही, शिवाय त्याला अधिक ताकदीचे अडॅप्टर लागते आणि त्यावर ऑडिओची गोल खाचही नाही. माझ्या मते आपल्यासाठी २ जीबी मेमरीचा पाय ४ योग्य आहे. भाच्याकडे जुना पाय ३ पडून असेल, तर नवीन काहीच घेऊ नये. बोर्डची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे, हेही लक्षात ठेवावे, कारण अडॅप्टर, १६ जीबीचे मेमरी कार्ड, डबी आणि मायक्रो-एचडीएमआयची केबल यांचे पैसे त्यावर चढतात.

सीड्या उतरवण्याचे काम पायवर न करता घरच्या किंवा शेजारच्या अशा संगणकावर करावे, ज्याला डीव्हीडी ड्राइव्ह आहे. व्हीसीडीत ‘एमपेगएव्ही’ नावाचे फोल्डर असते आणि त्यातील सर्वांत मोठी डॅट फाइल म्हणजेच आपले नाटक. विंडोजमध्ये ती सहसा सरळ कॉपी होते. लिनक्सवर तशी कॉपी करताना वाचनदोषाचा संदेश येतो आणि माणूस सीडी खराब झाली असे समजतो, पण तिथे व्हीसीडी उतरवणारा वेगळा प्रोग्रॅम वापरावा लागतो एवढेच. खरोखर चरे पडलेल्या सीडीची गोष्ट निराळी आहे. साध्या डेटा सीडीवर चूक दुरुस्त करणाऱ्या माहितीचा एक जादा थर असतो. व्हीसीडी तयार करणाऱ्यांनी तो थर काढून ती जागा चित्रणाला दिली आणि त्यामुळे एका चकतीवर ७४ मिनिटे बसली, पण त्याच कारणाने जो चरा डेटा सीडी पचवते तो व्हीसीडीला नडतो. चकती मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून पुसू नये. एका ड्राइव्हवर अडलेली चकती दुसऱ्यावर पुष्कळदा चालते, म्हणून पहिल्या नकारावर ती टाकून देऊ नये.

जागेचा हिशेब सोपा आहे. एक व्हीसीडी साधारण पाऊण जीबीची धरली तर पासष्ट चकत्यांचे पन्नासेक जीबी होतात, आणि तीन डीव्हीडींचे तेरा-चौदा. म्हणजे १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, हार्ड डिस्कची गरज नाही. याची दुसरी प्रत मात्र मुलाकडे किंवा भाच्याकडे अवश्य ठेवावी, कारण पेन ड्राइव्ह बहुधा पूर्वसूचना न देता मरतो.

मेमरी कार्डवर लिब्रेलेक ही प्रणाली टाकावी. तिच्यात कोडी आणि कोडीला लागेल तेवढेच असते, त्यामुळे पाय सुरू झाला की थेट चित्रांची यादीच समोर येते. कोडी मूळचा एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी लिहिला गेला होता आणि २०१४ पर्यंत त्याचे नावही त्यावरूनच पडलेले होते. चित्रपटांची माहिती इंटरनेटवरून आपोआप आणण्याची सोय त्यात आहे, परंतु नाटकांच्या बाबतीत ती भलत्याच इंग्रजी चित्रपटाचे पोस्टर आणून चिकटवते. म्हणून ती सोय बंद ठेवून दर नाटकाचे एक फोल्डर करावे, त्यात दोन्ही भाग ओळीने ठेवावेत, आणि व्हीसीडीच्या वेष्टनाचा मोबाइलवर फोटो काढून तो ‘फोल्डर’ या नावाने, रोमन लिपीतील लहान अक्षरांत, जेपीजी स्वरूपात त्याच फोल्डरात टाकावा. मग टीव्हीवर आपल्या कपाटाचा कप्पा उघडल्यासारखी वेष्टने दिसू लागतात, आणि ज्यांना यादी वाचायचा कंटाळा आहे तेसुद्धा चित्र पाहून नाटक निवडतात.

लग्नाच्या डीव्हीडीत कोणी हात हलवला की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतील. तो चित्रणाचा दोष नसून जुन्या टीव्हीसाठी एकाआड एक ओळी घेण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे, आणि चित्र चालू असताना व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ‘डीइंटरलेस’ चालू केले की तो जातो. त्याचबरोबर प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा ताजेपणाचा दर, म्हणजे रिफ्रेश रेट, चित्रणाप्रमाणे बदलण्याची मुभा द्यावी. आपल्याकडील चित्रण सेकंदाला २५ चित्रांचे असते, आणि ते ६० च्या दराने दाखवले की कॅमेरा वरातीवरून फिरताना बारीक धक्के जाणवतात. माणसे बुटकी आणि रुंद दिसली तर चित्र ताणले गेले आहे असे समजावे. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात.

प्रश्न : मी फोनच्या चार्जरवर पाय ४ चालवतो. चित्रपट चालू असताना उजव्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकल्याचे चिन्ह येते, आणि यूएसबी हार्ड डिस्क लावली की यंत्र मध्येच पुन्हा सुरू होते. चार्जरवर तर ३ अँपियर लिहिलेले आहे. उन्हाळ्यात त्रास वाढतो. बोर्ड खराब निघाला का? – एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : बोर्ड बहुधा चांगला आहे. ते चिन्ह पायला मिळणारा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्याचे सांगते. चार्जरच्या तोंडाशी ५ व्होल्ट असले तरी केबलच्या दुसऱ्या टोकाला तेवढे पोहोचतीलच असे नाही. फोनच्या केबलमधील तारा केसासारख्या बारीक असतात. एक मीटर केबलमध्ये वीज जाऊन परत येते ती दोन मीटर, आणि एवढ्या बारीक तारेचा रोध ०.४ ओहमच्या आसपास भरतो. हार्ड डिस्क फिरू लागली आणि दीड अँपियर वाहू लागला की केबलमध्येच ०.६ व्होल्ट खर्च होतात आणि पायच्या वाट्याला ४.४ येतात. फोनला याचे काही वाटत नाही, कारण दाब कमी मिळाला तर तो नुसता हळू चार्ज होतो. पायला तशी बॅटरी नाही. म्हणूनच पायचे स्वतःचे अडॅप्टर ५.१ व्होल्टचे, जाड तारेचे आणि न निघणाऱ्या केबलचे असते. मीसुद्धा एकदा दोन संध्याकाळी मेमरी कार्ड बदलून, प्रणाली पुन्हा टाकून, शेवटी शेजाऱ्याच्या जाड केबलने तो आजार बरा केला होता.

हार्ड डिस्कसाठी स्वतःचे अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्यावा. पाय ४ च्या चारही यूएसबी खाचा मिळून १.२ अँपियरच देऊ शकतात, आणि फिरत्या तबकडीच्या डिस्कला सुरू होतानाच तेवढे लागू शकतात.

उन्हाळ्याची तक्रार वेगळी आहे आणि तीही खरी आहे. चिपचे तापमान ८० अंशांवर गेले की पाय आपला वेग आपणच कमी करतो. घरातच बेचाळीस अंश असताना बंद प्लास्टिकच्या डबीत आणि टीव्हीच्या पाठीला चिकटवून ठेवलेल्या पायला ती मर्यादा फार दूर नसते. डबीचे झाकण काढून पाहावे. फरक पडला, तर जिची सगळी डबीच उष्णता बाहेर टाकण्याचे काम करते अशी ॲल्युमिनियमची डबी घ्यावी. छोट्या पंख्याची डबी स्वस्त मिळते, पण तिची किरकिर नाटकातल्या शांत प्रवेशात ऐकू येते.

प्रश्न : आजीला ऐकू कमी येते, म्हणून घरच्या चित्रणांना मी मराठी सबटायटल टाइप करतो. जुनी फाइल मी श्रीलिपीत टाइप केली होती, ती टीव्हीवर रोमन अक्षरांचा गोंधळ दाखवते. नवी फाइल युनिकोडमध्ये केली, तर नुसते चौकोन दिसतात. – एक वाचक, मडगाव

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत देवनागरी अक्षरे मुळात साठवलेलीच नसतात. रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवून त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो आणि तो मुखवटा त्या संगणकावरच राहतो. टीव्हीवर आपल्याला फाइलचा खरा चेहरा दिसतो आहे. तिला परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये न्यावे आणि नंतर एकदा डोळ्यांखालून घालावे, कारण रफार आणि जोडाक्षरे अशा परिवर्तनात हटकून घसरतात.

दुसऱ्या फाइलमध्ये मजकूर बरोबर आहे, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी हा फॉन्ट मोफत मिळतो. तो कोडीच्या ‘मीडिया’ फोल्डरातील ‘फॉन्ट्स’ या उपफोल्डरात ठेवून सबटायटलच्या सेटिंगमध्ये निवडावा. फाइल यूटीएफ-८ पद्धतीने जतन केलेली असावी, आणि तिचे नाव चित्रणाच्या नावाशी अक्षरशः जुळावे. तिथेच अक्षरांचा आकारही वाढवता येतो. आजीसाठी तो वाढवावा आणि अक्षरांमागे काळी पट्टी ठेवावी.

प्रश्न : ओटीटीचे सगळे ॲप आणि सेट टॉप बॉक्सवर रेकॉर्ड केलेल्या मालिका पायवर पाहता येतील का? एका दुकानदाराने ‘सगळे चॅनेल फुकट’ असा कोडी भरून देतो असे सांगितले. – एक वाचक, नाशिक

उत्तर : ओटीटीसाठी पाय घेऊ नये. मोठ्या कंपन्या उच्च दर्जाचे चित्र फक्त प्रमाणित यंत्रांनाच देतात आणि पाय त्या यादीत नाही. तिथे फारतर ब्राउझरमध्ये कमी दर्जाचे चित्र मिळते. त्या कामाला टीव्हीत खोचायची तयार स्टिक अधिक चांगली आणि सहसा स्वस्तही पडते. सेट टॉप बॉक्सने पेन ड्राइव्हवर केलेले रेकॉर्डिंग सहसा त्याच बॉक्सच्या कुलपात असते, त्यामुळे ते बाहेर चालत नाही. ‘सगळे चॅनेल फुकट’ म्हणजे चोरीचे प्रक्षेपण. कोडी स्वतः कोणताही कार्यक्रम पुरवत नाही. त्या दुकानदाराकडून पाय घेऊच नये.

प्रश्न : वडील ऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना कीबोर्ड आणि माउस नको आहे. टीव्हीच्या रिमोटवर पाय चालतो असे वाचले, पण आमच्याकडे काही केल्या चालत नाही. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालतो, आणि त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. एचडीएमआय केबलमधील एका तारेवरून टीव्ही आपल्या रिमोटची बटणे जोडलेल्या यंत्राला कळवतो. या सोयीचे नाव सीईसी, पण कंपन्यांनी तिला आपापली नावे दिली आहेत. सॅमसंगच्या टीव्हीत एनीनेट प्लस, एलजीत सिमलिंक आणि सोनीत ब्राव्हिया सिंक असे शोधावे आणि ते चालू करावे, कारण पुष्कळदा ते बंद असते. पाय ४ ला दोन एचडीएमआय खाचा आहेत. केबल विजेच्या खाचेला लागून असलेल्या खाचेतच लावावी. एवढे करूनही रिमोट चालला नाही तर केबल बदलावी. सीईसीची तार १३ क्रमांकाच्या पिनवर असते, आणि स्वस्त केबलमध्ये ती कधीकधी जोडलेलीच नसते. चित्र आणि आवाज मात्र उत्तम येत असल्यामुळे केबलवर कोणाचा संशय जात नाही.

वडिलांनी टीव्ही पाहून झाल्यावर भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय ठेवली असेल, तर पाय त्या बटणावर घेऊ नये. लिब्रेलेकचा मुख्य भाग कार्डावर न बदलणाऱ्या स्वरूपात असतो, तरी सेटिंग आणि यादी ज्या भागात लिहिली जाते तो अशा झटक्याने बिघडू शकतो. पायला वेगळ्या सॉकेटवर कायम चालू ठेवावे आणि टीव्ही बंद झाला तरी पायने काही करू नये, असे सीईसीच्या सेटिंगमध्ये ठरवावे. चार वॉटच्या हिशेबाने त्याला महिन्याला तीन युनिटांहून कमी वीज लागते.