पहिला आकडा शून्य येतो म्हणून केबल बदलू नका; आधी संदेशाची मालकी तपासा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. शिरपूरजवळच्या जिनिंग मिलमधील चार यंत्रांवर बसवलेले छोटे संगणक ओलाव्याची मोजमापे एलसीएमवरून, म्हणजे प्रोग्रामांमध्ये नेटवर्कवरून संदेश पोहोचवणाऱ्या लायब्ररीतून, ऑफिसच्या पीसीकडे पाठवतात. कॉलबॅकमध्ये, म्हणजे संदेश आल्यावर लायब्ररी बोलावते त्या तुमच्या फंक्शनमध्ये, छापून पाहिले तर सर्व आकडे बरोबर दिसतात, पण पडद्यावर प्रत्येक यंत्राचा पहिला आकडा ०.० येतो, दुसरा कधी कधी अवाढव्य येतो, आणि दोन यंत्रांचे उरलेले आकडे अधूनमधून अगदी एकसारखे होतात. बोर्ड पुरवणाऱ्यांनी केबल आणि सेन्सर बदलायला सांगितले आहे आणि तुम्ही त्यासाठी दरपत्रक मागवले आहे. ते दरपत्रक कृपया बाजूला ठेवा. मी तुमचा कोड पाहिलेला नाही, त्यामुळे खात्रीने बोलण्याचा अधिकार मला नाही; पण तो ०.० मी चांगलाच ओळखतो, आणि तो केबलमधून येत नाही असे माझे ठाम मत आहे.

संदेशाच्या टाइपची, म्हणजे रचनेची, फाईल कशी लिहायची, तिच्यावरून कोड तयार करणारा जनरेटर कसा चालवायचा, सबस्क्राइब कसे करायचे हे तुम्हाला येते असे धरून चालतो. दुसऱ्या यंत्रावरचे संदेश तुमच्यापर्यंत पोहोचत आहेत, म्हणजे टीटीएल (संदेश नेटवर्कवर किती दूर जाऊ द्यायचा तो आकडा) मूळच्या शून्यावरून एकवर नेण्याची पायरीही तुम्ही ओलांडली आहे. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा टाइप वेगळा असता, तर संदेशासोबत येणारा टाइपचा ६४ बिटांचा फिंगरप्रिंट (ओळखीचा आकडा) जुळला नसता, डीकोडिंगची चूक छापली गेली असती आणि तुमचा कॉलबॅक चाललाच नसता. तेव्हा बिघाड कॉलबॅक चालू होण्याच्या आधीचा नाही. तो संपल्यानंतरचा आहे.

२०२१ च्या जानेवारीत मी सावद्याजवळच्या एका केळी पिकवण्याच्या ठिकाणी हेच काम करत होतो. पाच रायपनिंग चेंबर होते, आणि त्यांच्या आकारानुसार त्यांत अनुक्रमे ४, ६, ८, १२ आणि ८ तापमान प्रोब होते. प्रत्येक चेंबरचा संदेश म्हणजे चेंबरचा क्रमांक, वेळ आणि कमीजास्त लांबीचा डबल (८ बाइटांच्या दशांश) आकड्यांचा ॲरे, म्हणजे ओळीने ठेवलेली यादी. पीसीवरच्या प्रोग्राममध्ये एक थ्रेड, म्हणजे समांतर चालणारा कामाचा धागा, संदेश घेत असे आणि दुसरा थ्रेड दर दोन सेकंदांनी पडदा रंगवून अलार्म तपासत असे. पहिल्या दिवशी मी कॉलबॅकमध्ये मिळालेला पॉइंटरच, म्हणजे संदेशाचा मेमरीतील पत्ताच, पाच घरांच्या तक्त्यात ठेवून दिला होता, आणि पडद्यावर पाचही ओळी हुबेहूब सारख्या दिसल्या. पत्ते छापून पाहिले तर पाचही संदेशांचा पत्ता एकच होता.

असे का होते, हे जनरेटरने तयार केलेली सीची फाईल उघडली की दिसते. तुम्हीही ती उघडा आणि हँडलर स्टब नावाचे फंक्शन वाचा. संदेशाचा स्ट्रक्ट (त्याचे सर्व रकाने एकत्र ठेवणारा गठ्ठा) त्या स्टबमधला लोकल व्हेरिएबल असतो, म्हणजे तो स्टॅकवर, फंक्शन चालू असेपर्यंतच त्याच्या वाट्याला असलेल्या मेमरीत, असतो. स्टब त्यात डीकोड करतो, तुमच्या कॉलबॅकला त्याचा पत्ता देतो, आणि कॉलबॅक परतला की लगेच डीकोड क्लीनअप करून आतला ॲरे आणि स्ट्रिंग (मजकूर) फ्री करतो, म्हणजे त्यांची मेमरी पुन्हा वापरासाठी मोकळी सोडतो. पुढचा संदेश आला की तोच स्टब बहुधा स्टॅकच्या त्याच जागी पुन्हा उभा राहतो. कॉलबॅकपुरता तुमच्या हातात दिलेला संदेश तुमचा नसतो, तो फक्त दाखवलेला असतो.

ही माझी पहिली चूक लगेच सापडली. खरे नुकसान केले ते मी तिच्यावर केलेल्या अर्धवट दुरुस्तीने. पॉइंटरऐवजी मी संपूर्ण स्ट्रक्ट बरोबरच्या चिन्हाने माझ्या तक्त्यात उतरवून घेतला. चेंबरचा क्रमांक बरोबर आला, वेळ बरोबर आली, पाच ओळी वेगवेगळ्या झाल्या, आणि काम झाले असे मी मालकांना सांगून टाकले. परंतु कमीजास्त लांबीचा ॲरे स्ट्रक्टच्या आत नसतो. स्ट्रक्टमध्ये असतो तो फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारा पॉइंटर. मी उतरवून घेतले ते बोट, आकडे नव्हे, आणि ते आकडे कॉलबॅक संपताच फ्री झालेले होते.

आता तुमच्या शून्याकडे येतो. ६४ बिटांच्या लिनक्सवर ग्लिबसी या सीच्या मूळ लायब्ररीतील मॅलॉक, म्हणजे मेमरीचे ब्लॉक वाटणारे फंक्शन, फ्री झालेल्या छोट्या ब्लॉकचे पहिले १६ बाइट स्वतःच्या हिशेबासाठी वापरतो. पहिल्या ८ बाइटांत पुढच्या मोकळ्या ब्लॉकचा दुवा जातो, आणि तसा ब्लॉक नसेल तर शून्य किंवा शून्यासारखेच काही. अशा पत्त्याचे बिट डबल म्हणून वाचले तर इतकी सूक्ष्म संख्या होते की एका दशांश स्थळाने छापताना ती ०.० दिसते. दुसऱ्या ८ बाइटांत एक खूण ठेवली जाते. माझ्या पीसीवर उबुंटू २०.०४ होते आणि त्यातील ग्लिबसी २.३१ मध्ये ती खूणसुद्धा एक पत्ताच होती, म्हणून माझ्याकडे पहिले दोन्ही प्रोब ०.० दाखवत. ग्लिबसी २.३४ पासून तिथे यादृच्छिक संख्या ठेवली जाते; तुमचा दुसरा आकडा अवाढव्य का येतो याचे कारण मला तेच दिसते. तिसऱ्या आकड्यापासून पुढचे सर्व शाबूत राहतात, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की दोन सेन्सरच बिघडले आहेत.

मलाही तसेच वाटले. बोर्ड पुरवणाऱ्या कार्यालयाला मी फोन केला, तेव्हा त्यांनी काही न विचारता सांगितले की पहिल्या दोन पोर्टांवर व्होल्टेज पडत असणार, शिल्डेड केबल टाका. आम्ही पाचही चेंबरच्या केबल बदलल्या. शून्य गेले नाही. मग त्यांनी स्विच बदलायला लावला, त्यानंतर अर्थिंग तपासायला लावले, आणि नवव्या दिवशी सांगितले की तुमच्या भागातली वीजच खराब आहे. कॉलबॅकमध्ये छापलेले आकडे बरोबर येतात, हे मी प्रत्येक फोनवर सांगत होतो. ज्या माणसाला सी येते त्याने हे एक वाक्य ऐकून केबलचा विषय तिथेच संपवायला हवा होता, कारण पीसीच्या मेमरीत बरोबर उतरलेला आकडा नंतर केबलमुळे बिघडू शकत नाही. पण हे वाक्य मी स्वतःलाही नीट ऐकवले नाही, हे मान्य केले पाहिजे.

त्या नऊ दिवसांत मी आणखी एक गोष्ट केली, आणि सर्वांत महाग पडली ती तीच. शून्य आकडा आला तर तो सरासरीतून वगळा, अशी एक ओळ मी पडद्याच्या कोडमध्ये घातली. शून्ये दिसेनाशी झाली आणि सरासरी पटण्यासारखी येऊ लागली. पण ८ प्रोबचा ॲरे म्हणजे ६४ बाइट, आणि तिसऱ्या व पाचव्या चेंबरचे ॲरे नेमके एवढेच होते. एकाचा ब्लॉक फ्री झाला की दुसऱ्याचा संदेश डीकोड करताना मॅलॉक तोच ब्लॉक पुन्हा देई. बाकीच्या तीन चेंबरच्या ॲरेंचे आकार निरनिराळे असल्यामुळे त्यांचे आकडे बहुतेक वेळा आपापल्या जागी टिकून राहत, पण तिसरा आणि पाचवा, जो शेवटी बोलला त्याचेच आकडे दोघांच्या ओळींत दिसत. तुमची जी दोन यंत्रे एकमेकांत मिसळतात, त्यांच्या प्रोबची संख्या सारखी आहे का, एवढे आजच मोजून पाहा.

एके रात्री तिसऱ्या चेंबरचे कूलिंग बंद पडले. इथिलीनचा डोस, म्हणजे दशलक्षात सुमारे १०० भाग, आदल्या दिवशीच देऊन झाला होता, आणि पिकू लागलेले केळे स्वतःच उष्णता सोडत असते, त्यामुळे बंद चेंबर झपाट्याने तापतो. पडद्यावर मात्र तिसऱ्याच्या ओळीत पाचव्या चेंबरचे साडेसोळा अंश दिसत होते, म्हणून अलार्म वाजला नाही. पहाटे तिथल्या कामगाराने मला फोन केला: "भाऊ, तीन नंबरात गरम लागी राह्यलं, अन् पडद्यावर गारच दाखवी राह्यलं." मी पोहोचलो तेव्हा वरच्या कॅरेटमधील फण्या हाताला मऊ लागत होत्या आणि साल बोटाखाली दबत होती. तो माल मालकांना पडेल त्या भावाने काढावा लागला. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

त्याच दिवशी दुपारी मी पीसीवरचा प्रोग्राम व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाखाली चालवला. पहिल्याच मिनिटात त्याने ८ बाइटांचे अवैध वाचन झाल्याचे सांगितले आणि त्याखाली लिहिले की हा पत्ता फ्री झालेल्या ६४ बाइटांच्या ब्लॉकच्या आत आहे, तसेच तो ब्लॉक डीकोड क्लीनअपमध्ये फ्री झाला. नऊ दिवसांचे उत्तर चार ओळींत समोर होते. येथे एक इशारा द्यायला हवा. माझी पहिली चूक, म्हणजे स्टॅकवरच्या स्ट्रक्टचा पॉइंटर ठेवण्याची, व्हॅलग्राइंड सहसा पकडत नाही, कारण स्टॅकची ती जागा तोवर दुसरे फंक्शन वैध रीतीने वापरत असते. त्यासाठी ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे कंपायलरनेच प्रोग्राममध्ये घातलेली मेमरीची तपासणी, अधिक चांगला. तो जीसीसी या सी कंपायलरमध्ये ४.८ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे, मात्र फंक्शन परतल्यानंतर स्टॅक वापरल्याची तपासणी जीसीसी मध्ये स्वतंत्र पर्याय देऊन चालू करावी लागते. फ्री झालेल्या हीपचे, म्हणजे मॅलॉकने दिलेल्या मेमरीचे, वाचन तो आपण होऊन पकडतो.

दुरुस्ती लहान आहे. जनरेटर प्रत्येक टाइपसाठी कॉपी आणि डिस्ट्रॉय अशी दोन फंक्शने तयार करून देतो. कॉलबॅकमध्ये संदेशाची कॉपी करा; ती आतल्या ॲरे आणि स्ट्रिंगसह खरी प्रत असते. मग म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) घेऊन तक्त्यातील जुना पॉइंटर काढा, नवा ठेवा, म्युटेक्स सोडा, आणि जुन्याला डिस्ट्रॉय करा. पडद्याच्या थ्रेडनेही म्युटेक्स धरूनच आकडे वाचावेत किंवा स्वतःची प्रत काढून घ्यावी, नाहीतर तो वाचत असतानाच तुम्ही जुना संदेश नष्ट कराल आणि तेच दुखणे क्वचित दिसणाऱ्या रूपात परत येईल. प्रोबची संख्या ठरलेली असेल तर टाइपमध्येच ठरलेल्या लांबीचा ॲरे लिहावा असे माझे मत आहे, कारण तो स्ट्रक्टच्या आतच बसतो आणि बरोबरच्या चिन्हानेही नीट उतरतो. स्ट्रिंग मात्र तरीही पॉइंटरच राहते, हे विसरू नका. काही जण कॉपीचा खर्च होतो म्हणून हे टाळतात. मिनिटाला काहीशे छोट्या संदेशांसाठी हा विचार करणे मला मुळीच पटत नाही.

मी ही चूक का केली याचाही मी पुष्कळ विचार केला आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मी कार्नेगी मेलन विद्यापीठाची आयपीसी ही संदेश पाठवण्याची दुसरी लायब्ररी वापरली होती. तिथे सेंट्रल नावाचा प्रोसेस चालवावा लागतो आणि संदेशाचा आकार इंट, डबल, स्ट्रिंग अशा मजकुरात लिहून नोंदवावा लागतो. पण मुख्य फरक असा की तिथे कॉलबॅकला मिळालेला डेटा तुमच्या मालकीचा असतो आणि तो तुम्हीच फ्री करायचा असतो. फ्री केला नाही तर मेमरी गळते, पण ठेवून दिलेला पॉइंटर जिवंत राहतो. ती सवय मी जशीच्या तशी एलसीएममध्ये आणली. झीरोएमक्यू आणि एमपीआय या अशाच आणखी दोन व्यवस्था. झीरोएमक्यूमध्ये संदेश यशस्वीपणे पाठवला की त्याची मालकी लायब्ररीकडे जाते. एमपीआयमध्ये बफर तुमचाच असतो, पण न थांबता पाठवण्याचे काम पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. म्हणून आता कोणतीही नवी लायब्ररी हातात घेतली की कॉलबॅक परतल्यावर हा संदेश कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर मी आधी कागदावर लिहून ठेवतो, आणि मगच पहिली ओळ लिहितो.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी थोडे. कॉलबॅकमधून डेटाबेसमध्ये लिहू नका. प्रत्येक सबस्क्रिप्शनची रांग मुळात ३० संदेशांची असते, आणि तुमचा कॉलबॅक अडकून ती भरली की पुढचे संदेश गळतात. एलसीएम हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये २००७ च्या डार्पा अर्बन चॅलेंज या चालकाविना गाड्यांच्या स्पर्धेतील गाडीसाठी घडले. गाडीला ताजा आकडा लवकर हवा असतो, म्हणून ते यूडीपी मल्टिकास्ट (एकच संदेश एकाच वेळी अनेकांना, पोच न घेता, पाठवण्याची पद्धत) वापरते आणि पोहोचण्याची हमी देत नाही. तुम्ही कापसाच्या गाठींची नोंदही याच मार्गाने ठेवणार असाल तर संदेशात क्रमांक घाला, नाहीतर एखाद्या १७० किलोच्या गाठीचा हिशेब कुठे गेला ते कळणार नाही. कॉलबॅकच्या आतून एलसीएमचे आलेले संदेश हँडल करणारे फंक्शन पुन्हा बोलावू नका. संदेश पाठवायला मात्र हरकत नाही. आणि सबस्क्राइब करताना युजर पॉइंटर (कॉलबॅकला दर वेळी परत मिळणारा तुमचा पत्ता) म्हणून लोकल व्हेरिएबलचा पत्ता देऊ नका. ते फंक्शन संपले की तोही पत्ता असाच फसवतो.

तुमच्या प्रश्नात शेवटी लिहिले आहे की तोपर्यंत शून्य गाळण्याची अट टाकून काम चालवतो. कृपया ती अट आजच काढा. ते शून्य आहे तोवर बिघाड तुम्हाला दिसतो आहे. व्हॅलग्राइंडने छापलेला मजकूर आणि कॉलबॅकमध्ये संदेश उतरवून घेणाऱ्या तुमच्या दोन-चार ओळी जशाच्या तशा पाठवा, मी आज रात्री वाचतो.