वायर तुटली, पण दोष बॉनेट लॉकचा आहे

२००४ची मारुती ८००, डॅशखालचा लिव्हर ओढला की सैल हातात येतो, बॉनेट जागचं हलत नाही, आणि त्याआधी दोनेक महिने लिव्हर जड लागत होता, असं तुम्ही लिहिलंय. निदान त्या शेवटच्या गोष्टीतच आहे. वायर तुटली खरी, पण तिला तोडलं पुढच्या लॉकने. नुसती वायर बदललीत तर नवी वायरही तिथेच तुटणार.

आधी बॉनेट उघडायचं. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. पत्रा पातळ आहे, कड एकदा वाकली की पुन्हा तशी बसत नाही. इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि किल्ली काढून ठेवा, कारण बॅटरी आतच अडकलीय, ती काढायची सोय नाही.

लिव्हरपाशी टॉर्च मारून बघा. बहुतेक वेळा वायर तिथेच, निपलच्या (वायरच्या टोकाचा धातूचा गोळा) गळ्याशी तुटलेली असते आणि इनरचं (आतल्या तारेचं) टोक आउटरमधून (बाहेरच्या नळीतून) थोडं बाहेर दिसतं. ते लॉकिंग प्लायरमध्ये घट्ट धरा, साधी पक्कड निसटते. दुसऱ्या हाताने आउटर दाबून धरा, नाहीतर इनरबरोबर आउटरही सरकतो आणि लॉकपर्यंत ओढ पोचतच नाही. आता एकाने बॉनेट लॉकच्या बरोबर वर तळहाताने खाली दाबायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने वायर सरळ रेषेत ओढायची. दाबल्याने हुकवरचा ताण उतरतो, मग गंजलेलं लॉकही सुटतं. दीड-दोन सेंटिमीटर ओढ पुरते. जाम लॉकशी एकट्याने झटापट केली की उरलेली वायरही जाते.

ओढल्यावर वीतभर किंवा जास्त वायर अलगद बाहेर आली तर ती पुढे तुटली आहे. मग ग्रिलमधून टॉर्च मारून लॉक शोधा. वायर ज्या पट्टीला अडकते ती पट्टी, वायर ज्या दिशेला ओढते त्याच दिशेला सरकवायची. त्यासाठी सायकलचा स्पोक टोकाला वाकवून घ्या, त्याच्याइतकं सोयीचं हत्यार दुसरं नाही. इथेही वरून दाबणारा माणूस हवाच. ग्रिलमधून पोचत नसेल तर बंपरच्या मागून, खालून हात घालावा लागतो. गाडीखाली जायचं तर स्टँड लावून, नुसत्या जॅकवर कधीच नाही.

उघडलं की लॉक काढा. सोडवण्याआधी त्याच्या कडेने मार्करने रेघ मारून ठेवा, बसवताना अर्धं काम वाचतं. १० नंबरचा सॉकेट लागेल. आत काय दिसेल ते सांगतो: जुनं ग्रीस, धूळ आणि पावसाचं पाणी यांचा काळा, डिंकासारखा थर, आणि खाली गंज. हा थर हुकला धरून ठेवतो, मग सगळा जोर वायरवर येतो. वायर अनेक बारीक तारांच्या पिळाची असते. निपलपाशी, जिथे ती दर वेळी वाकते, तिथे एकेक तार तुटत जाते. तोवर लिव्हर चालत असतो, म्हणून कुणी लक्ष देत नाही. कोकणात, समुद्राजवळ वापरलेल्या गाड्यांत हे लवकर होतं.

लॉक रॉकेलमध्ये तासभर बुडवून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा. रिव्हेटपाशी पट्टी डुगडुगत असेल किंवा स्प्रिंग ढिली वाटली तर साफ करत बसू नका, लॉकच बदला. ठीक असेल तर रिव्हेटवर तेलाचा थेंब आणि हुकला पांढरं लिथियम ग्रीस. नुसता डब्ल्यूडी-४० मारून बंद करू नका. तो गंज सोडवायला चांगला, पण वंगण म्हणून टिकत नाही.

आता वायर. जुनी ओढून काढण्याआधी तिच्या पुढच्या टोकाला मजबूत नायलॉनची दोरी बांधा. वायर केबिनमध्ये ओढली की दोरी मार्गात राहते, तिनेच नवी वायर पुढे न्यायची. नव्या वायरची लांबी जुनीशेजारी ठेवून बघा. बसवण्याआधी ती उभी टांगून आउटरमध्ये वरून तेलाचे चार-पाच थेंब सोडा. फायरवॉलमधलं, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातलं, रबरी ग्रोमेट (कडं) परत बसवायला विसरू नका, नाहीतर पावसात पाणी पायाशी येतं आणि आउटर पत्र्यावर घासून कापला जातो. बॅटरीच्या टर्मिनलपासून आणि एक्झॉस्टपासून वायर लांब ठेवा. कुठेही काटकोनात वाकवू नका.

दुचाकीची क्लच वायर आणि स्क्रूचं निपल लावून काम भागवता येतं, पण तात्पुरतंच. स्क्रू तारा चिरडतो.

लिव्हरला २-३ मिलिमीटर ढिल ठेवा. वायर ताणून बसवली तर लॉक पूर्ण पकडत नाही आणि बॉनेट फक्त सेफ्टी कॅचवर (लॉक सुटलं तरी बॉनेट अडवणाऱ्या दुसऱ्या खिटीवर) राहतं. हायवेला ते कॅच सुटलं की बॉनेट थेट काचेवर येतं. म्हणून सेफ्टी कॅचही साफ करा, बोटाने दाबून सोडल्यावर त्याने स्वतःहून जागेवर यायला हवं.

बॉनेट मात्र लगेच बंद करू नका. जाड स्क्रूड्रायव्हरची दांडी लॉकमध्ये वरून दाबा, हुकने ती पकडली पाहिजे. मग आतून लिव्हर ओढा, हुक झटक्यात सुटला पाहिजे. असं पाच-सहा वेळा करून बघा. त्यानंतरच बॉनेट वीतभर उंचीवरून सोडा. नीट बसलं नाही, आपटावं लागलं, तर लॉकचे बोल्ट ढिले करून ते किंचित वर घ्या. बंद झाल्यावर खडखडत असेल तर खाली.