क्लोजरची पट्टी चौकटीतून सुटत असेल तर जाड स्क्रू मारू नका

वारा आला की मुख्य दाराबाहेरचा अ‍ॅल्युमिनियमचा दरवाजा आपटतो, क्लोजरची (दरवाजा आपोआप सावकाश मिटवणाऱ्या स्प्रिंगच्या नळीची) चौकटीवरची पट्टी पुन्हापुन्हा सुटते आणि स्क्रू नुसते गोल फिरतात, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. आमचं दुखणं अगदी हेच होतं. स्क्रू आवळणं, तेल देणं तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

तुम्हाला कुणीतरी ‘त्याच भोकात जाड स्क्रू मारा’ असं सुचवलंय. कृपा करून मारू नका. दरवाजाच्या कंपनीने आमच्याकडे पाठवलेल्या माणसाने नेमकं तेच केलं, तेही ड्रिल न फिरवता. त्या दिवशी पट्टी घट्ट वाटली. पुढे जोराचा वारा सुटला तेव्हा स्क्रू निघाले नाहीत, चौकटच उभी चिरली. वरच्या स्क्रूपासून खालच्या स्क्रूपर्यंत नख शिरेल एवढी भेग. तक्रार विभाग म्हणाला, चौकट आमची नाही आणि वाऱ्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. माणूस त्यांचा, स्क्रू त्यांचे, तरी भरपाई नाही! दर फोनला नवा माणूस आणि पहिल्यापासून सगळी कहाणी. आठवलं की अजून संताप होतो. तेव्हा दुरुस्तीला कुणी येण्याआधी भोकांचे फोटो काढा आणि काय काम केलं ते लेखी घ्या.

लाकडी बांधणीच्या घरात चौकटीची फळी बहुधा जेमतेम 20 ते 30 मिमी जाड असते. आखूड स्क्रू तेवढ्यातच अडकतो. मागे थोडी पोकळी आणि त्यामागे भिंतीचा उभा वासा असतो. खरी पकड तिथे. म्हणून स्क्रू लांब हवा, साधारण 75 मिमी, आणि त्यासाठी आधी बारीक ड्रिलने भोक पाडायचं. शेवटचे आटे हातानेच फिरवा. जास्त आवळलं तर पोकळीमुळे फळी आत ओढली जाते आणि मुख्य दार नीट लागेनासं होतं. वीट किंवा काँक्रीटची भिंत असेल तर तिच्यात भोक पाडून प्लग घालावा लागतो.

जुनी भोकं गोंद लावलेल्या लाकडी खुंट्या ठोकून बुजवा, रात्रभर वाळू द्या. काडेपेटीच्या काड्या खुपसण्याचा उपाय हलक्या बिजागरीला चालेल, क्लोजरला माझ्या मते अजिबात नाही. क्लोजर पट्टीला जोडणारी पिन दरवाजा बंद ठेवूनच काढा, तेव्हा स्प्रिंगचा ताण सगळ्यात कमी असतो.

मी सुतार नाही, हा घरचा अनुभव. पेचकसाचं टोक चौकटीत सहज रुतत असेल तर लाकूड कुजलंय, मग यातलं काहीच टिकणार नाही. आधी तो तुकडा बदला.

आणि दरवाजा ठराविक अंतरापलीकडे उघडू न देणारी, वर चौकटीला जोडलेली स्प्रिंगवाली साखळी आहे का बघा. नसेल तर पट्टीआधी ती बसवा, असं मी म्हणेन. क्लोजरचा दांडा पूर्ण बाहेर येण्याआधी साखळी ताणली गेली पाहिजे, नाहीतर वाऱ्याचा सगळा हिसका पट्टीवरच येतो. वारा असताना दांड्यावरची चकती अडकवून दरवाजा उघडा ठेवू नका, दांडा वाकतो. आपटणं त्यानंतरही राहिलं तर क्लोजरच्या टोकाचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने अर्धा आटा फिरवून बघा, दरवाजा सावकाश मिटेल.