नोव्हेंबरात कादंबरी लिहायची म्हणतेस, तर

आधी हिशोब कर. तीस दिवसांत 50,000 शब्द म्हणजे रोज 1,667. 50,000 हा आकडा 1999 साली अमेरिकेत सुरू झालेल्या, महिनाभरात कादंबरी लिहायच्या ‘नॅनोरायमो’ उपक्रमातून आलाय, इंग्रजी लिहिणाऱ्यांचा. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते, त्यामुळे तेवढ्याच मजकुरात आपले शब्द कमी भरतात. तू खुशाल 40,000 धर. कुणी चिटिंग म्हटलं तर म्हणू दे.

डोंबिवलीहून सीएसएमटीला जाताना लॅपटॉप उघडायचं स्वप्न सोड. सकाळच्या फास्टमध्ये हात हलवायला जागा नसते, लिहिणार कुठे! तेव्हा फक्त पुढचा प्रसंग डोक्यात घोळव. परतताना ठाण्याला सीट मिळाली तर मोबाइलवर चार ओळी खरड, नेट बंद ठेवून. ‘आईशी भांडण. किल्ली फ्रिजवर. खोटं बोलते.’ एवढ्यावर रात्री पानभर होतं.

घरच्यांना ‘मला वेळ द्या’ असं मोघम सांगू नकोस. ‘साडेनऊ ते साडेदहा ओटा, डब्याची तयारी, मुलांचा अभ्यास मी बघणार नाही’ म्हटलं की बरोबर कळतं. नवरा दोन दिवस कुरकुरेल. सासूबाई बहुधा तुझ्याच बाजूने असतील. माझ्याकडे तरी तसंच झालं.

दिवाळी नोव्हेंबरात आली तर ते दिवस सरळ वजा कर. मागचं वाचून दुरुस्त करत बसणं डिसेंबरचं काम. आणि ऑफिसात महिनाअखेरीचं क्लोजिंग तुझ्याकडे असेल, तर शेवटच्या आठवड्यावर भिस्त नको. बरेचसे शब्द वीस तारखेच्या आत पाडून घे.