लीड्सला येतीयस ना, मग थंडीचे कपडे सांगलीत घेऊ नकोस

अगं, तुझा मेसेज वाचून आधी हसूच आलं, सहा वर्षांपूर्वी मी अगदी हेच प्रश्न घेऊन बसले होते. सप्टेंबरला मास्टर्सला इंग्लंडात लीड्सला येतीयस, आई म्हणतीय महाबळेश्वरला जाऊन चार स्वेटर आणू, बाबा म्हणतायत पुण्यातनं एक भारी जॅकेट घेऊ, पन्नास हजार बाजूला काढलेत, आणि तुला कुणीतरी सांगितलंय की तिकडं लोक वापरलेले कपडे विकत घेतात, तर ते घ्यायचे का, स्वच्छ असतात का, आणि घरी काय सांगायचं. जरा लांबेल, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे ते पन्नास हजार तसेच ठेव. मी सांगलीच्या विश्रामबागेतनं निघताना नऊ हजाराचं जॅकेट घेऊन आले होते, गादीसारखं जाड, आणि पहिल्याच ऑक्टोबरात कळलं की इथला पाऊस आपल्या जुलैसारखा धो धो पडून मोकळा होत नाही, तो दिवसभर भुरभुरत राहतो आणि सोबत वारा असतो, छत्री उलटीच होते. आतला कापूस पाणी प्यायला आणि जॅकेट वाळायला दोन दिवस. महाबळेश्वरचे स्वेटर म्हणशील तर बहुतेक ॲक्रिलिक असतात, बाहेर वारा आरपार जातो आणि आत क्लासमध्ये हीटर चालू असला की घाम येतो, महिन्यात कोपरावर गोळे. इथं जाड एक कपडा चालत नाहीच, पातळ पातळ तीन थर लागतात म्हणजे आत गेलं की काढता येतात.

आता आईचा मुद्दा, तो खरा अवघड. आपल्याकडं जुना कपडा म्हणजे बोहारणीला देऊन पातेलं घ्यायचं, नाहीतर आजीनं वाकळ शिवायची, विकत कोण घेतंय. शिवाय २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा मदतीच्या ट्रकमधनं आलेले फाटके, बटणं तुटलेले कपडे माझ्या मावशीनं बघितलेत, तिला अजून तो ढीग आठवतो, त्यामुळं मी फोनवर सांगितलं की मी पाच पौंडाला वापरलेला स्वेटर घेतला तर पलीकडं एकदम शांतता. मी तिला एवढंच म्हटलं, मावशी, बाळाला पहिलं झबलं आपण मुद्दाम दुसऱ्याच्या बाळाचं वापरून मऊ झालेलं घालतो ना, तेव्हा कुठं काय वाटतं. पटलं नाही म्हणा, पण विषय बदलला.

इथं वापरलेल्या कपड्यांची दुकानं चॅरिटी शॉप म्हणून असतात, धर्मादाय संस्था चालवतात ती, ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, कॅन्सर रिसर्च, स्यू रायडर, प्रत्येक हाय स्ट्रीटवर, म्हणजे गावातल्या मुख्य बाजाररस्त्यावर, दोन-चार सापडतात. लोक कपडे फुकट देऊन जातात, दुकानात बरीचशी माणसं बिनपगारी काम करतात, आणि विक्रीचे पैसे त्या संस्थेच्या कामाला. ऑक्सफॅमनं ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर आपलं दुकान घेतलं ते १९४७ च्या शेवटी, म्हणजे हे काल-परवाचं फॅड नव्हे, इथल्या प्रोफेसर बाईसुद्धा कौतुकानं सांगतात की हा कोट मला चॅरिटी शॉपमध्ये मिळाला. कुणी ओळखण्याची भीती सोडून दे. विद्यार्थी राहतात त्या हेडिंग्लीत अशी दुकानं बरीच आहेत, तिथनंच सुरू कर, आणि एखाद्या शनिवारी ट्रेननं हॅरोगेट नाहीतर इल्कलीला जा, पैसेवाल्यांची गावं, त्यांचं टाकलेलं पण टाकलेलं वाटत नाही.

भाव मला पडलेत ते सांगते. जंपर म्हणजे स्वेटर चार ते आठ पौंड, जीन्स सहा-सात, लोकरीचा कोट पंधरा ते तीस. पौंडाला शंभराच्या वर रुपये धरून गुणाकार करत बसू नकोस, पहिले दोन महिने सगळेच करतात आणि उपाशी राहतात.

कपडा बघायचा कसा, तर आधी ब्रँड नाही, आतल्या शिवणीवरचं छोटं लेबल वाच. शंभर टक्के लोकर, निदान सत्तर-ऐंशी टक्के. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब देते, ॲक्रिलिक देत नाही. मग कपडा खिडकीकडं धरून उजेडात बघ, बारीक बारीक भोकं दिसली तर ती कसरीची, ठेवून दे, कितीही मऊ असू दे. मग काख, कॉलरची आतली कड, बाहीची टोकं, आणि झिप दोनदा वर-खाली. बटण गेलेलं चालतं, झिप गेलेली चालत नाही, इथं झिप बदलायला कपड्यापेक्षा जास्त पैसे पडतात. पॅंटची उंची कमी करायलासुद्धा दहा-पंधरा पौंड मागतात, आपल्याकडं कोपऱ्यावरचा टेलर वीस मिनिटांत करून देतो ते डोक्यातनं काढ आणि सुई-दोरा, टेलरची टेप घेऊन ये, टेप तर नक्की.

टेपचं कारण साइज. यूके १०, युरोपियन ३८, अमेरिकन ६ हे सगळं साधारण एकच, आणि जुन्या कपड्याचा १२ आजच्या १० एवढाही निघतो. म्हणून तुझा सगळ्यात चांगला बसणारा कुर्ता जमिनीवर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजून आकडा मोबाइलमध्ये ठेव, दुकानात तेवढाच मोजायचा. पुरुषांच्या रांगेतपण बघ, स्मॉल साइजचे लोकरीचे जंपर तिथं बरे मिळतात, कुणी काही म्हणत नाही.

घरी आणलं की धुणं. माझा पहिला लोकरीचा जंपर मी बाकीच्या कपड्यांसोबत साठ डिग्रीवर टाकला, बाहेर आला तो चार वर्षांच्या पोरीच्या मापाचा, आता भाचीकडं आहे. लोकर ३० डिग्रीला, मशीनवर लोकरीचा वेगळा प्रोग्रॅम असतो तो, आणि पिळून तारेवर टांगायची नाही, टॉवेलवर पसरायची. कसरीची शंका असेल तर कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये, माझा एक स्वेटर फ्रोजन भेंडीशेजारी पडलेला बघून फ्लॅटमेटनं सगळ्यांना फोटो पाठवला होता.

आता घ्यायचं काय. मी एकच गोष्ट धरून चालले, की नवा तुकडा आधीच्या निदान तीन कपड्यांवर जायला पाहिजे, नाहीतर चार पौंडसुद्धा वाया. खालचे रंग नेव्ही, करडा, काळा असे ठेवले आणि रंगीत सगळं सांगलीतनं आलं, ओढण्या, स्टोल, आखूड कुर्त्या. उदाहरण द्यायचं तर चार पौंडाचा काळा हाय-नेक जंपर. तो कोटाच्या आत, ब्लेझरखाली प्रेझेंटेशनला, कुर्तीच्या आत, आणि दिवाळीला आजीच्या इरकलीवर ब्लाउज म्हणून, पदर खांद्यावर नीट बसतो आणि थंडी वाजत नाही, मराठी मंडळात तीन जणींनी विचारलं कुठनं शिवलास.

हा जंपर मार्क्स अँड स्पेन्सरचा, चॅरिटी शॉपमध्ये त्यांचं लेबल सारखं दिसेल तुला. गंमत म्हणजे त्या कंपनीची सुरुवात १८८४ साली लीड्सच्याच कर्कगेट मार्केटातल्या एका स्टॉलवर झालेली, ते मार्केट अजून आहे, भाजी तिथं स्वस्त मिळते.

ऑनलाइन घ्यायचं तर व्हिंटेड म्हणून वापरलेल्या कपड्यांचं ॲप आहे, पण लिहिलेल्या किमतीवर खरेदीदाराची फी आणि पोस्टेज चढतं ते आधी बघ, आणि पार्सल आलं की त्याच दिवशी उघड. तक्रारीला दोनच दिवस असतात. मी परीक्षेच्या नादात चार दिवसांनी उघडलं, झिप तुटलेली, बारा पौंड गेले.

वापरलेलं घ्यायचंच नाही असं म्हणजे आतले कपडे, थर्मल आणि बूट. थर्मल प्रायमार्क नावाच्या कपड्यांच्या दुकानात नवे स्वस्त मिळतात. बुटाचा तळ दुसऱ्याच्या पायाच्या वळणानं बसलेला असतो, आपली टाच दुखते, पाणी न शिरणारे बूट नवेच घे आणि वाचवलेल्यातले पैसे तिथं घाल. टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेटपण जुनं घेताना बेसिनच्या नळाखाली बाही धरून बघता आलं तरच.

सांगलीतनं आणायचं ते सुती आतले कपडे भरपूर, दोन जीन्स, आखूड कुर्त्या पाच-सहा, एक साडी आणि मापाचे ब्लाउज, कारण ब्लाउज शिवणारं इथं सहज सापडत नाही. बॅगेत उरलेल्या जागेत मसाला आण, आईला म्हणावं स्वेटरच्या ऐवजी.

आणि कोटाची काळजी करू नकोस. माझ्याकडं १० नंबरचा करडा लोकरीचा कोट आहे, इल्कलीत अठरा पौंडाला घेतलेला, मुलगी झाल्यापासून मला बसत नाही. आलीस की घेऊन जा, आईला सांग विश्रामबागेतल्या ताईनं दिला, मग त्या काही म्हणायच्या नाहीत. वरचं एक बटण वेगळं दिसेल, मूळचं मिळालं नाही म्हणून मी जवळपास तसं लावलंय, त्याचंच एक जास्तीचं डाव्या खिशात पुडीत ठेवलंय.