टिक आणि धप यांच्यामधलं अंतर

कराडच्या मित्राचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड वर्ष लाँगबो (जुन्या धाटणीचं साधं लांब धनुष्य) मारतोय, धनुष्य ४५ पौंडांचं. तीन मीटरवरच्या कोऱ्या पोत्यावर सगळं छान जमतं. १८ मीटरवर कागद लावला की दोरी ओठाच्या कोपऱ्याला टेकायच्या आधीच बाण सुटतो. हे टार्गेट पॅनिक आहे असं कळल्यावर त्याने दोरीला बांधायचा क्लिकर (ओढ पुरी झाली की टिक वाजवणारी पट्टी) मागवला. पंधरा दिवस जादू झाली, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता क्लिकर अडगळीत टाकावा का, आणि 'तुझं मनच कच्चं आहे' असं क्लबातले म्हणतात ते खरं का?

काका म्हणालास, म्हणून सरळ अरेतुरेवर येतो.

मनाच्या कच्चेपणाचं आधी मिटवू. हे दुखणं फक्त आपलं नाही. गोल्फवाले याच्या भावाला यिप्स म्हणतात, डार्ट खेळणारे डार्टायटिस म्हणतात. यात नवशिके कमी आणि वर्षानुवर्षं खेळलेले जास्त सापडतात. तुझंच बघ. कोऱ्या पोत्यावर जमतं म्हणजे हात, पाठ, बोटं सगळं शाबूत आहे. ठिपका दिसला की बोटं उघडायची, एवढी एक गाठ बसली आहे. ती आपणच मारतो. बाण नेमका मधोमध असताना सुटला की बरं वाटतं, पुढच्या वेळी बोटं जराशी घाई करतात, तरीही लागला तर आणखी घाई. हजार-दोन हजार बाणांनंतर ठिपका दिसणं आणि बोटं सुटणं यात फट उरत नाही. 'घाबरू नको' म्हणून ही गाठ सुटत नाही. मला दोन वर्षं लोकांनी हेच सांगितलं, काडीचा उपयोग झाला नाही.

वर त्यात भौतिकशास्त्र पण मारतं. धनुष्यावरचे पौंड, म्हणजे ओढायला लागणारा जोर, २८ इंच ओढीला लिहिलेले असतात, आणि तुझ्या ताकदीच्या धनुष्यात इंचामागे साधारण अडीच पौंड कमी-जास्त होतात. तू दीड इंच आधी सोडलास की जवळपास चार पौंड गेले. बाण खाली जातो. शिवाय कमी जोरात तोच बाण जास्त कडक असल्यासारखा वागतो, म्हणजे उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावीकडे सरकतो. मग आपण नेम वर-उजवीकडे धरायला लागतो, त्यात डोकं ठिपक्यात आणखी अडकतं. असं हे चक्र आहे.

आता क्लिकर. साताऱ्यात राहून क्लिकर माहीत नसणं तसं अवघडच. फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला तेव्हापासून आमच्याकडे शाळकरी पोरांनाही रिकर्व्हच्या, म्हणजे ऑलिंपिकमधल्या धनुष्याच्या, रायझरवरची (मुठीच्या मधल्या भागावरची) ती पत्र्याची पट्टी ठाऊक आहे. बाणाचं टोक पट्टीखालून मागे निसटलं की टिक. (कंपाउंड म्हणजे चाकांच्या धनुष्यवाल्यांना याची गरज नसते. आमची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये १७व्या वर्षी जगज्जेती झाली ती कंपाउंडवर. त्यात ओढ संपली की धनुष्य स्वतःच अडतं आणि बाण यांत्रिक रिलीजने सुटतो. तो मामलाच वेगळा.) तुझा क्लिकर लिंबवाला. लिंब म्हणजे मुठीच्या वरचा नि खालचा धनुष्याचा वाकणारा भाग. वरच्या लिंबाच्या आतल्या अंगाला पोलादी पात चिकटवायची, तिचा दोरा धनुष्याच्या दोरीला बांधायचा. ओढताना दोरी लिंबापासून लांब जाते, दोरा ताणतो, ठरावीक जागी पात उलटते आणि टिक वाजते. लाकडाला भोक पाडायला नको, म्हणून आपल्या लोकांना हाच बरा.

मी कंजूषपणा करून पहिला घरीच केला होता. जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळतो ना, पोटाखालची जीभ दाबली की टिकटॅक करणारा? तो चिकटपट्टीने लिंबावर बसवला. तिसऱ्या ओढीला पट्टी सुटली आणि दोऱ्यासकट बेडूक येऊन माझ्या चष्म्यावर आदळला. तेव्हा विकतचाच वापर. आणि चिकटवण्याआधी लिंब स्पिरिटने पुसून घे.

तुझं पंधरा दिवसांनी का बिघडलं, ते मला माझ्या बायकोने सांगितलं. म्हणजे तुझं नाही, माझं. पावसाळ्यात मी मागच्या पडवीत मारतो, पाच मीटर, चिंध्या कोंबलेलं गोणपाट. स्वयंपाकघराची खिडकी तिकडेच आहे. एक दिवस भाकरी थापता थापता ती म्हणाली, "पहिल्यांदा तुमचं टिक... धप असं वाजायचं. मग टिकधप झालं. आता नुसतं धप ऐकू येतंय." तिला धनुर्विद्येतलं ओ की ठो कळत नाही, पण कानाने तिने सगळा रोग वाचला होता. सुरुवातीला क्लिकर कधी वाजेल हे शरीराला माहीत नसतं, म्हणून बोटं आधी तयारी करू शकत नाहीत. ही अनिश्चितता हेच औषध. पण आपण काय करतो, टिक वाजली की लगेच सोडतो. पंधरा दिवसांत जुनी गाठ सुटून नवीन बसते: आधी ठिपका दिसला की सोड, आता टिक वाजली की सोड. पुढे शरीर टिक कुठे वाजणार हे ओळखतं आणि तिच्याही आधी पळतं. क्लिकर बिघडला नाही, आपण त्याला शिट्टी बनवलं.

मी तिला हे समजावून सांगितलं तर म्हणाली, "मग कुकरची एक शिट्टी झाली की मी गॅस बंद करते का? डाळीला चार, भाताला तीन." तिथून पुढचा सगळा सराव निघाला.

पहिले दहा दिवस एकही बाण सोडायचा नाही. खोटं वाटेल, पण हाच सगळ्यात मोठा भाग आहे आणि याच भागाला लोक टाळाटाळ करतात. १८ मीटरवर ठिपक्याचा कागद लाव, बाण चढव, ओढ, टेकव, पाठीने सावकाश वाढव, टिक ऐक, मनात दोन मोज आणि बाण न सोडता परत आण. परत आणताना पात जागेवर येते तेव्हा दुसरी, जरा बारीक टिक वाजते. ती दुसरी टिक ऐकू आली म्हणजे एक ओढ पुरी झाली. तेवढीच वहीत लिहायची. रोज तीस. पहिल्या दिवशी माझ्या तिसातले नऊ बाण हातातून निसटले, माझ्या मनात सोडायचं नसताना! तेव्हा खरी भीती वाटली, आणि तेव्हाच पटलं की हे इच्छाशक्तीचं काम नाही. चौथ्या दिवशी दोन, आठव्या दिवशी शून्य. दोन गोष्टींची काळजी घे. बाण निसटू शकतो हे धरूनच उभा राहायचं, म्हणजे परत आणतानाही टोक पोत्यावरच हवं आणि मागे पोरंटोरं-कुत्री नकोत. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही, कोरड्या सुटीत लिंब फुटतं.

त्यानंतर दुसऱ्या माणसाची मदत घे. तू ओढायचं, टिक वाजली की त्याने आयत्या वेळी ठरवायचं आणि मोठ्याने सांगायचं. आमच्याकडे खिडकीतून आवाज यायचा, "सोडा" किंवा "उतरवा". कधी टिक झाल्या झाल्या, कधी तीन सेकंदांनी. कधी फोडणीत लक्ष असलं की आवाजच नाही, मी आपला थरथरत उभा. मी आठवडाभर चिडचिड केली. पण त्या आठवड्यात टिक आणि धप यांच्यात फट पडली. बाण सोडणं हा निर्णय झाला, प्रतिक्रिया राहिली नाही. एकटाच असशील तर पत्ते पिसून पालथे ठेव आणि ओढण्याआधी एक उलटा कर: लाल आला तर सोडायचं, काळा आला तर उतरवायचं. आयत्या वेळच्या हुकमाइतकं ते गुणकारी नाही, पण चालतं.

त्यापुढे अंतर वाढवायची घाई नको. पाच मीटरवर ताटाएवढा कागद, मग वाटीएवढा, मग मागे सरकायचं. कुठेही नुसतं 'धप' ऐकू आलं की दोन पायऱ्या खाली. दर चार ओढींतली एक उतरवायचीच, अगदी सगळं नीट चाललं असलं तरी. मी आजही उतरवतो.

क्लिकर कुठे लावायचा यातही तुझी चूक असावी असं तुझ्या फोटोवरून वाटतंय. दोरी ओठाला टेकायच्या आधीच टिक वाजत असणार, कारण दोरा फार आखूड दिसतोय. तसं असेल तर ओढीच्या भरातच ती वाजून जाते, तिचा उपयोग शून्य. आधी टेकायचं, मग पाठीच्या ताणाने अजून चार-पाच मिलिमीटर मागे गेल्यावर टिक यायला हवी. ते शेवटचे मिलिमीटरच सगळा खेळ आहेत. दोऱ्याच्या गाठीजवळ पेनने खूण कर. डॅक्रॉनची दोरी नवी असताना ताणून लांबते, मुठीपासून दोरीचं अंतर बदलतं आणि टिकची जागाही सरकते. रोज सुरुवातीला ते अंतर पट्टीने मोजत जा.

मुठीत बसवून धनुष्य धरलेल्या हाताच्या बोटांनी हळूहळू दाबायची टिकटिकीही मिळते. काहींना ती लाभते. मला दोन हातांचे दोन हिशेब जमले नाहीत.

हे सगळं ४५ पौंडांवर मात्र करू नकोस. टेकवून तीन सेकंद उभं राहता येत नसेल तर ते पॅनिक अर्धं धनुष्याचंच आहे, शरीर बिचारं ओझं टाकायला बघतंय. २५ ते ३० पौंडांचं एखादं क्लबातून मागून आण. मोठ्या धनुष्याचा मोह मलाही होता, साताऱ्याच्या मातीतच तो असावा बहुतेक.

स्पर्धेचं विचारलंयस. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमांत बेअरबोला (नेमाच्या साधनाशिवाय मारायच्या गटाला) कोणताही ड्रॉ-चेक, म्हणजे ओढ पुरी झाल्याचं सांगणारं साधन, चालत नाही, रिकर्व्हला चालतो. म्हणजे बेअरबोत उतरलास तर तुला मैदानावर क्लिकर काढूनच जावं लागेल. म्हणून स्पर्धेच्या दीड-दोन महिने आधीपासून एक फेरी क्लिकरने आणि एक बिनक्लिकरची अशी आलटून पालटून मार, आणि टिकची जागा घेणारी एखादी अंगावरची खूण पक्की कर. माझी खूण म्हणजे बाणाचं पीस. दोरी ओठाला टेकते, आणि पाठ पुरती ओढली गेली की पिसाची कड नाकपुडीला हलकेच लागते. सर्दी झाली की पंचाईत होते, पण नियमात बसतं.

वेळ विचारलास तर मला साडेचार महिने लागले, आणि वर्षभराने एकदा परत उलटलं होतं. तेव्हा पुन्हा दहा दिवस दुसरी टिक मोजत बसलो.

रविवारी सकाळी इकडे येत असशील तर सातच्या आत ये, नंतर ऊन पोत्याच्या मागून तोंडावर येतं. हलकं धनुष्य माझ्याकडे आहे, तुझं ४५चं घरीच राहू दे. आणि क्लिकर दोऱ्यासकट आण, गाठ मी बघतो.