जास्त कटऑफच्या सरकारी विद्यापीठात शिकलं की पगार खरंच जास्त मिळतो का? सोलापुरात राहिलो तर मागे पडेन का?

तुम्ही लिहिलंय की वडील यंत्रमागावर आहेत, पुण्यात सीओईपी या सरकारी अभियांत्रिकी विद्यापीठात नंबर लागतोय, आणि घरचे म्हणतात सोलापुरातच शीक. मी केगावला, आपल्याच सोलापूर विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं. आई कुंभारीच्या गोदूताई वसाहतीत विड्या वळायची. म्हणून हा प्रश्न मला जवळचा आहे.

मोठ्या कटऑफच्या ठिकाणची पोरं जास्त कमावतात हे खरंच. पण त्यातलं कॉलेजचं किती आणि पोराचं स्वतःचं किती? अमेरिकेत डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली हेच तपासलं. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळत असूनही जे साध्या कॉलेजात गेले, त्यांची कमाई पुढे जवळपास तेवढीच निघाली. गरीब घरच्या मुलांचं मात्र तसं नव्हतं, त्यांना नामांकित कॉलेजचा फायदा झालेला दिसला. पण २००९ साली अर्थतज्ज्ञ होकस्ट्रा यांनी अमेरिकेतल्याच एका राज्याच्या प्रमुख सरकारी विद्यापीठाचा अभ्यास केला. प्रवेशाच्या रेषेच्या जरा वर असलेले आणि जरा खाली राहिलेले, असे अर्ज त्यांनी ताडून पाहिले. आत गेलेल्या गोऱ्या मुलग्यांची तिशीच्या आसपासची कमाई सुमारे २० टक्के जास्त होती.

गरीब घरच्या मुलाला जास्त फरक का पडतो, ते मी अंगावर घेतलंय. पहिल्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा सीटीसी, म्हणजे कंपनीचा आपल्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, हा हातात येणारा पगार नव्हे, हेही मला माहीत नव्हतं. विचारणार कोणाला? आई पान कातरत बसली होती. तिनं पत्र घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि ओल्या बोटांचा डाग पडेल म्हणून लगेच परत दिलं. डॉक्टर-इंजिनिअरच्या घरात जे जेवताना कळतं, ते आपल्याला सिनिअरकडून, हॉस्टेलच्या खोलीत कळतं. असे सिनिअर जिथे जास्त, तिथे जायचं.

सोलापूरच्या पदवीला किंमत नाही असं मात्र मुळीच समजू नका. आपल्याकडे पगार कमी दिसतात, कारण बरेच जण गावातच राहतात आणि गावात पगारच कमी. माझ्या बॅचचे जे सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्यात मुलाखती देत राहिले, ते पुण्याच्याच पगारावर लागले.

कॉलेजच्या जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीला, दिलेल्या माहितीत किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मधला पगार (निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी) किती, हे शेजारीशेजारी असतं. समजा ६० पास झाले, १२ जणांना नोकरी लागली आणि मधला पगार ४ लाख. तो फक्त त्या १२ जणांमधला, उरलेल्या ४८ जणांबद्दल तो काहीच सांगत नाही. एका कॉलेजात मी हा हिशेब विचारला, तर मला बाहेर बसायला सांगितलं.

तुमच्या जागी मी असतो तर पुण्याला गेलो असतो. घरच्यांची धास्ती खर्चाची असणार, आणि ती रास्तच आहे. तुम्ही खुल्या प्रवर्गातले असाल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता पाहा, अनुसूचित जातीचे असाल तर समाजकल्याण विभागाची स्वाधार योजना. उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका, ऐन प्रवेशाच्या दिवसांत तहसीलला रांगा लागतात.